‘लाइव्ह ॲट लीड्स’ घेऊ की ‘मेड इन जपान’?

पहिला द हू या रॉक बँडचा, दुसरा डीप पर्पलचा, दोन्ही प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित केलेले अल्बम. लाइव्ह रॉकची सुरुवात या दोनपैकी कशाने करू, असं एका मित्राने विचारलं. ‘सर्वकालीन सर्वोत्तम’ ही बिरुदं दोघांनाही चिकटलेली आहेत, ती बाजूला ठेवू.

आधी वेळ. द हूच्या मूळ १९७०च्या तबकडीवर सहाच गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. डीप पर्पलच्या १९७२च्या जोड-तबकडीवर गाणी सात, पण एकटं ‘स्पेस ट्रकिन’ वीस मिनिटांच्या आसपास जातं. तिथे माझंही लक्ष कधीकधी उडतं, खोटं कशाला बोलू!

आवाजात मात्र खरी गंमत आहे. लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवणाऱ्या द हूकडे गिटार, बास आणि ड्रम्स एवढंच, पण एंटविसलचा बास मागे बसून साथ करत नाही, गिटारशी भांडतो. हेडफोन लावा, एका कानात बास, दुसऱ्यात गिटार आणि मध्ये ड्रम्सवर कीथ मून सगळं उधळत असतो. डीप पर्पलच्या ओसाका-टोकियोच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य स्वच्छ सुटं ऐकू येतं. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो, गिलन तीच गळ्यातून काढतो; सरळ जुगलबंदीच. वर लॉर्डचा ऑर्गन.

पुन्हा पुन्हा ऐकायला? माझ्याकडून ‘लीड्स’ जास्त वेळा लागतो.

तेव्हा धसमुसळेपणा, घाम आणि थोडक्यात काम हवं असेल तर द हू. शास्त्रीय मैफलीसारखा निवांत विस्तार आवडत असेल, एखादी संध्याकाळ मोकळी असेल, तर डीप पर्पल. आणि सुरुवात त्यातल्या ‘चाइल्ड इन टाइम’ या गाण्याने कर.