हायबरनेट : बिल आलं, शेव कुठे गेली?

राजवाड्याजवळ मामांचं नमकीनचं दुकान आहे, त्याचं बिलिंग मी हायबरनेटवर (जावातला डेटा डेटाबेसच्या टेबलांत ठेवणारी लायब्ररी) लिहिलं. बिल सेव्ह व्हायचं, मालाच्या ओळीही पडायच्या, पण ओळींत बिल क्रमांक नल, म्हणजे रिकामा! कॅस्केड ऑल (बिलावर जे होईल ते ओळींवरही) लावलेलं, म्हणून दोन रात्री भलतीकडेच शोधत बसलो. चूक माझीच. बिलातल्या यादीवर मॅप्डबाय (हे नातं समोरची बाजू सांभाळते, अशी खूण) दिलं की फॉरेन की, म्हणजे ओळीतला तो बिल क्रमांक, ओळीच्या बाजूने लिहिली जाते. मी ओळ बिलाच्या यादीत घातली, पण तिला तिचं बिल कोणतं ते सांगितलंच नव्हतं. आता एकच मेथड दोन्ही बाजू जोडते. ऑर्फनरिमूव्हल ही सोय मात्र झकास, यादीतून ओळ काढली की टेबलातूनही जाते. (अख्खी यादी बदलू नका, तीच रिकामी करून भरा.) चार तारे. मामा म्हणतात, "वहीत असलं काही होत नव्हतं रे."