तळकोकणात मुलांना घेऊन: रात्रभर गाडी, पहाटेची निघणी की मधला मुक्काम?

मुंबईहून सावंतवाडी राष्ट्रीय महामार्ग ६६ ने साधारण ५०० किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूर-आजरा-आंबोली मार्गे पावणेचारशेच्या आसपास. स्वतःची गाडी, मागे दोन मुलं, डिकी गच्च. अशा वेळी घरात वाद ठरलेला असतो. एकाचं म्हणणं, "रात्री निघू, मुलं झोपून जातील." दुसऱ्याचं म्हणणं, "पहाटे चारला निघू." तिसरा पर्याय, मध्ये मुक्काम. तो बहुतेकदा पैशांमुळे मागे पडतो.

आमचा कल आधीच सांगतो. गाडी चालवणारा एकच असेल तर रात्रभराचा पर्याय बाद. मुंबईकरांसाठी पहाटेची निघणी चांगली, पुणेकरांसाठी कोल्हापूरचा मुक्काम त्याहून चांगला. दीड-दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल, तर कुठूनही निघा, मुक्काम करा.

रात्रभर: हिशेब घड्याळाशी लावून बघा

रात्रीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ऊन नाही, पेण-वडखळ आणि माणगावची दिवसाची कोंडी बरीच सुटलेली असते, मुलांचं "अजून किती वेळ?" नाही. पण गाडी कोणत्या वेळी कुठे असेल हे कागदावर मांडलं की चित्र बदलतं.

मुंबईहून रात्री साडेनऊला निघालात तर पनवेल पावणेअकराला, महाड दीडच्या सुमारास, चिपळूण तीनला, हातखंबा साडेचारला. माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त पेंग येते ती रात्री २ ते ५ या वेळात, आणि नेमक्या त्याच वेळात पोलादपूर ते हातखंबा हा टप्पा येतो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट सुटला, तरी पुढे परशुराम घाट आहे, संगमेश्वरकडची वळणं आहेत, आणि चौपदरी रस्ता अचानक संपून वळणरस्त्यावर उतरवणाऱ्या जागा आहेत. सपाट, सरळ रस्ता तुम्ही ताजेतवाने असताना संपवलेला असतो.

पुण्याहून दहाला निघालात तर कोल्हापूर दोनला, आंबोली साडेचार-पाचला. म्हणजे अंधार आणि धुकं असलेला घाट उतरायची वेळ रात्रीतली सर्वांत वाईट. पावसाळ्यात आंबोलीत दहा मीटरपुढचं दिसत नाही अशा रात्री असतात. राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट हा रस्ता घेतलात तर अभयारण्याच्या पट्ट्यात गवा रस्त्यावर उभा असण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. गव्याचा रंग काळपट, अंगावर उजेड परततच नाही. दिसतो तो अगदी जवळ आल्यावर.

आता चालवणाऱ्याकडे बघू. शुक्रवारी सकाळी सहाला उठून, ऑफिस करून, रात्री निघालेला माणूस अकरा वाजता १७ तास जागा असतो. सलग १७ तासांच्या जागरणाने हालचाली जेवढ्या मंदावतात, तेवढ्या रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना मंदावतात. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. आणि अकराला तर तुम्ही जेमतेम पनवेल ओलांडलेलं असतं! ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास ९० मीटर गाडी कोणीच चालवत नाही.

"आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो" हे उत्तर चार मोठ्यांच्या गाडीत खरं असतं. दोन मोठे आणि दोन मुलं असतील तर दुसरा चालक मुलांपाशी अडकतो: एकाला पाणी, दुसऱ्याचं पांघरूण, कोणाला उलटी. त्याची झोप होत नाही, त्यामुळे दोन वाजता चाक हातात घेणारा माणूसही तितकाच दमलेला. दोन चालक धरायचे तर अट अशी: दुसऱ्याने पहिले दोन-तीन तास मागे पट्टा लावून खरोखर झोपायचं, आणि पुढे चालकाशेजारी तिसरं मोठं माणूस जागं बसायचं. आजी-आजोबा किंवा काका बरोबर असतील तर हे जमतं, नाहीतर नाही.

मुलं झोपतात, पण कशी?

रात्रीच्या प्रवासाची सगळी भिस्त या एका गोष्टीवर असते, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेक घरांत मागच्या सीटच्या पायाशी बॅगा भरतात, वर गादी टाकतात आणि मुलांना आडवं झोपवतात. मुलं छान झोपतात, यात वाद नाही. पण अचानक ब्रेक लागला की पट्टा नसलेलं मूल गाडीच्याच वेगाने पुढे फेकलं जातं, पुढच्या सीटवर किंवा काचेवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लागतं, नाहीतर १,००० रुपये दंड. दंडाचं सोडा, गादीवाली झोप हा पर्याय तुलनेत धरायचाच नाही. तुलना करायची ती पट्टा लावून बसलेल्या मुलाच्या झोपेची, आणि ती तुटक असते. टोलवर उजेड पडला की जाग, गाडी थांबली की जाग.

ही झोप जरा बरी करता येते. चार ते दहा वर्षांच्या मुलाला उंच पाठीचं बूस्टर आसन घ्या. त्याच्या कडांना डोकं टेकतं आणि खांद्याचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर राहतो. नुसत्या सीटवर झोपलेलं मूल खाली घसरतं, कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि धक्क्यात आतल्या अवयवांना इजा होते. जाड जाकीट घालून पट्टा लावू नका, तो सैल राहतो. आधी पट्टा, मग वरून पांघरूण.

बाळाचं गणित वेगळं. मागे तोंड केलेल्या आसनात लहान बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. अर्धवट बसलेल्या अवस्थेत मान पुढे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो. दर दोन तासांनी बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं सपाट झोपवायचं. म्हणजे दहा तासांत किमान चार थांबे, आणि अकरानंतर ६६ वर दिवे, माणसं आणि बरं स्वच्छतागृह असलेल्या जागा विरळ होत जातात. रस्त्याकडेला अंधारात थांबणं तर नकोच. उभ्या गाडीला मागून ठोकर बसणं हा रात्रीचा नेहमीचा अपघात आहे. थांबायचं ते पेट्रोल पंपावर, आत, उजेडात.

पहाटेची निघणी: फायदा तिच्या आदल्या रात्रीत असतो

चारला मुंबई सोडली की पावणेआठपर्यंत महाड, तिथे नाष्टा. साडेनऊला चिपळूण, अकराला हातखंबा, एक-दीडला कणकवली, दुपारी दोन-अडीचला सावंतवाडी. अंधारातले फक्त पहिले दोन-अडीच तास, तेही बऱ्या रस्त्याचे. मुलं उचलून गाडीत ठेवली की सात वाजेपर्यंत झोपतात. वळणं सुरू होतात तेव्हा लख्ख उजेड असतो.

बिघडतं कुठे? आदल्या रात्री. बॅगा बारापर्यंत भरत बसायचं, साडेबाराला आडवं व्हायचं, साडेतीनला गजर. चालवणाऱ्याची झोप तीन तासांची, आणि चार ते सहा ही वेळही पेंगेचीच. ही नाव बदललेली रात्रीचीच ड्राइव्ह. म्हणून डिकी आदल्या संध्याकाळी सातपर्यंत भरलेली हवी, टाकी भरलेली हवी, हवा तपासलेली हवी, आणि चालवणाऱ्याने नऊला झोपायचं. भांडी, गॅस, झाडांचं पाणी हे सगळं दुसऱ्याच्या वाटणीला. घरात हे मान्य होत नसेल तर सरळ सहाला निघा आणि चारला पोचा. दोन तासांनी काही बिघडत नाही.

दुसरा खड्डा दुपारचा. एक ते तीन या वेळात शरीर पुन्हा ढेपाळतं, आणि नेमकं तेव्हा राजापूर-कणकवलीला मासळीचं ताट समोर येतं. चालवणाऱ्याने अर्धं जेवावं, किंवा जेवून पंधरा-वीस मिनिटं गाडीत सीट मागे टाकून झोपावं. झोपण्याआधी कॉफी घेतली तर उठेपर्यंत ती लागू होते. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर जडपणा राहतो. आणि काचा बंद, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. धुराचा वायू आत साचतो.

मधला मुक्काम

पुणेकरांना हा पर्याय इतका सोयीचा आहे की त्याचा विचार होत नाही याचंच नवल. रात्री जेवून साडेसातला निघायचं, साडेअकरा-बाराला कोल्हापूर. मुलं गाडीत झोपलेलीच असतात, खोलीत नेऊन टाकायची. सकाळी आठला निघून आंबोली किंवा करूळ घाट उजेडात उतरायचा. घाटाची स्थिती मात्र आदल्या दिवशी विचारून घ्या, पावसाळ्यात दरड कोसळून यातला एखादा बंद असतो. दुपारच्या जेवणाला मुक्कामी.

मुंबईकरांना हे तितकं सरळ नाही. साडेसातला निघालं तर वाशी ते पनवेल कोंडीत दीड-दोन तास जातात आणि बारा-साडेबाराला जेमतेम महाड येतं. चिपळूणपर्यंत खेचायचा मोह आवरावा. ऑफिसच्या शुक्रवारी महाडला किंवा त्याच्या अलीकडे खोली घ्या, आधी सांगून ठेवा की उशिरा येऊ. अशा हॉटेलांची दारं अकराला बंद होतात. शनिवारी निघायचं असेल तर सकाळी निघून चिपळूणला मुक्काम.

खर्च? इंधन तिन्ही पर्यायांत तेवढंच. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ५०० किलोमीटरला ३३ लिटर. जास्तीचा पैसा खोलीचा. पण रात्रभर चालवून सकाळी आठला पोचलात तर हॉटेलची खोली बाराला किंवा दोनला मिळते. एक तर आदल्या रात्रीचं भाडं भरा, नाहीतर स्वागतकक्षात सोफ्यावर बसा. त्यातून मुलं ताजी उठलेली, समुद्रावर चला म्हणणारी, आणि तुम्ही चोवीस तासांचे जागे. समुद्रावर मुलांकडे लक्ष कोण ठेवणार, हा रात्रभराच्या खर्चातला न लिहिलेला आकडा.

तरीही रात्रीच जायचं असेल तर

कधी सुट्टीच तशी मिळते. मग किमान एवढं बघा.

मागे तीन माणसं आणि डिकी भरली की गाडीचं ढुंगण बसतं आणि दिव्यांचा झोत वर चढतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमचा रस्ता अंधारात राहतो. स्टीअरिंगच्या उजव्या बाजूला झोत खाली घेणारी शून्य ते तीन किंवा चार आकड्यांची चकती असते, ती दोनवर आणा. बऱ्याच जणांनी ती कधी फिरवलेलीच नसते. टायरची हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणात असतो, आणि टायर थंड असताना मोजायची.

डिपरवर नीट दिसतं ते साधारण ५०-६० मीटर. ताशी ८० ने जाताना पूर्ण थांबायला ७० मीटर तरी लागतात. म्हणजे डिपरवर असताना वेग ६०-६५. विशेषतः सातारा-कराड-कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात, नोव्हेंबर ते मार्च, गाळप हंगामात. उसाच्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी, आणि ऊस चाकांच्या बाहेर आलेला.

वातानुकूलन सतत आतली हवा फिरवण्यावर ठेवू नका. पाच जणांच्या श्वासाने बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पेंग येते. दर वीस मिनिटांनी बाहेरची हवा घ्या.

मुलांचं जेवण साडेसातलाच, वरणभात किंवा दहीभात, तळलेलं नाही. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञाला विचारूनच. प्रोमेथाझिन असलेली औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. गाडी चालू असताना झोपेतल्या मुलाच्या तोंडात दुधाची बाटली नको.

जांभया, मान झटकणं, मागचे दोन किलोमीटर न आठवणं, पट्टीवर चाक जाऊन खडखडाट होणं: यातलं शेवटचं झालं तर पुढच्या पंपावर थांबायचंच. काच उघडणं, गाणी लावणं याने दहा मिनिटं निघतात, जास्त नाही. गाडी बंद पडली तर मुलांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्या, त्रिकोण ५० मीटर मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, तातडीला ११२.

भाड्याची गाडी चालकासह घेत असाल तर एकच प्रश्न नीट विचारा: आज दिवसभर तुम्ही कुठे होतात? शिर्डी करून आलेला चालक रात्री सावंतवाडीला निघत असेल तर तुमच्या स्वतःच्या चालवण्यापेक्षा ते बरं नाही. बुकिंग करतानाच दुपारची सुट्टी आणि पोचल्यावर झोपायला जागा ठरवून घ्या, भत्त्याबरोबर.

परतीचं वेगळं ठरवा

जाताना जमलेला पर्याय येताना तसाच लावू नये. सुट्टीत चालवणारा उन्हात हिंडलेला असतो, झोप पुरी झालेली नसते, आणि सोमवारी शाळा असते. रविवारी दुपारी जेवून निघून मध्यरात्री घरी पोचणं सर्वांत जास्त घडतं आणि सर्वांत वाईट असतं, कारण माणगाव-वडखळच्या संध्याकाळच्या रांगेत तीन तास जातात आणि शेवटचे शंभर किलोमीटर दमल्या अवस्थेत येतात. सावंतवाडीहून रविवारी पहाटे पाचला निघा. चिपळूणला दहाच्या सुमारास नाष्टा, दुपारी एकच्या आत माणगाव पार, चारच्या आधी घरी.