बंदरावरच्या व्यायामशाळेला माझे पाचपैकी चार तारे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या एका जुन्या गोदामात ही व्यायामशाळा आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे एका मुलाची हकिगत येणार आहे आणि तो मुलगा अजून इथेच व्यायामाला येतो.

आधी सामानाचं सांगतो. मी बोटीवर इंजिनिअर होतो, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर पहिली गंजावर जाते. समुद्र इतका जवळ असताना लोखंड टिकवणं सोपं नाही. इथे दर रविवारी दुपारी मालक आणि दोन पोरं मिळून सगळे बार रॉकेलने पुसतात, वरून तेलाचा हात फिरवतात. केबल मशीनच्या पुलीला ग्रीस असतं, वायर तुटायला आली की वेळेवर बदलतात. प्लेटा जुन्या आहेत, पण वजन खरं आहे; मी स्वतः काट्यावर घालून पाहिल्या. बैठका मारायचा रॅक एकच आहे. संध्याकाळी सात ते नऊ त्याच्यासाठी रांग लागते आणि ती मला परवडत नाही, म्हणून मी पहाटे जातो. न्हाणीघर लहान आहे, पावसाळ्यात तिथे ओलीचा वास येतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पंखे नाहीत. फी महिन्याला सातशे. सकाळी दहा ते बारा बायकांची बॅच असते आणि त्या वेळात एकही पुरुष आत दिसत नाही, मालकसुद्धा बाहेर बाकावर बसतो.

पहिल्या दिवशी रक्तदाब आणि साखरेचा रिपोर्ट मागतात. माझ्या कंबरेचं दुखणं ऐकून मालकाने सुरुवातीला मला वजनाला हात लावू दिला नाही, नुसते ताण आणि चालणं. आता उभं राहून जेवण करता येतं, मासे कापता येतात. माझ्यापुरतं एवढंच पुरे होतं.

मात्र मी हे लिहायला बसलो ते काउंटरमुळे आणि भिंतीमुळे.

काउंटरवर काहीही विकायला नाही. डबे नाहीत, पुड्या नाहीत. अंडी, चणे, बांगडा आणि झोप, एवढंच मालक सांगतो. गावातल्याच दुसऱ्या एका जिममध्ये माझा पुतण्या जायचा, तिथे ट्रेनरने त्याला तिसऱ्या महिन्यातच ‘कोर्स’ लावायला सांगितलं. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि आठवड्याला एक टोचणी. दंड फुगले, घरातले खूश झाले आणि मग पोराचे डोळे पिवळे पडले. तोंडाने घ्यायच्या या गोळ्या लिव्हरवर किती भार टाकतात, ते आम्हाला डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. बाहेरून हार्मोन मिळायला लागला की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, अंडकोष आक्रसतात, छातीवर गाठी येतात, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं. एकविसाव्या वर्षी हे सगळं ऐकून घेताना त्याने खाली घातलेली मान मी विसरलेलो नाही. २०२३ साली ज्या देशांनी खेळाडूंच्या उत्तेजक चाचणीसाठी पाच हजारांहून जास्त नमुने तपासले, त्यांत दोषी नमुन्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त भारताचं होतं, ३.८ टक्के. हे फक्त नोंदलेल्या खेळाडूंचं. गल्लीतल्या जिमचे नमुने घेतोय कोण?

आता भिंत. आत शिरल्यावर डाव्या हाताला लाकडी पट्ट्यांवर फोटो लावलेत, ओलीने खराब होऊ नयेत म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढे. इथून घडलेले कबड्डीपटू, पोलिसात भरती झालेल्या दोन मुली, जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेतले विजेते. मधला मोठा फोटो एका मुलाचा होता, पहिल्या क्रमांकाची ढाल हातात घेतलेला. पुढे मोठ्या स्पर्धेत त्याचा नमुना घेतला आणि स्टेरॉइड सापडलं. जिल्ह्याच्या वेळीही कोर्स चालूच होता, हे त्याने मालकाला स्वतःहून सांगितलं.

हे ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली. बोटीवर असताना २००१ च्या उन्हाळ्यात आमचं जहाज अमेरिकेत ओकलंडला लागलं होतं. धक्क्याजवळ नाविकांसाठी असलेल्या केंद्रात टीव्हीवर बेसबॉल चालू असायचा. मी क्रिकेटवाला, पण सॅन फ्रान्सिस्कोचा फलंदाज बॅरी बॉण्ड्स खेळायला आला की सगळे खुर्च्या ओढून बसायचे. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान अगदी पाण्याला लागून आहे. त्याने मारलेला चेंडू उजवीकडच्या भिंतीवरून थेट पाण्यात पडायचा आणि छोट्या होड्या घेऊन थांबलेली माणसं त्याच्यामागे धावायची. त्या मोसमात त्याने ७३ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले. तीन वर्षांपूर्वी मार्क मॅक्ग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ मारले होते, आणि त्याआधीचा विक्रम ६१ चा होता, तोही १९६१ पासूनचा. सदतीस वर्षांत कुणाला जे जमलं नाही, ते एकाएकी सगळ्यांना जमू लागलं. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. ते फटके मी पाहिले होते, म्हणूनच पुढचं सगळं मी मन लावून वाचत आलो.

मॅक्ग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. बॉण्ड्सने जाणूनबुजून घेतल्याचं कधीच मान्य केलं नाही, आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दलचा २०११ चा निकाल २०१५ मध्ये अपिलात रद्द झाला. हेही सांगायला हवं की २००४ पर्यंत अमेरिकेच्या त्या बेसबॉल लीगमध्ये शिक्षा होईल अशी स्टेरॉइड चाचणीच नव्हती. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, जायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. बॉण्ड्सच्या नावावर कारकिर्दीत ७६२ होमरन, म्हणजे सगळ्यांत जास्त. तरी मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याला ६६ टक्केच मिळाली. मोसमातल्या सर्वोत्तम गोलंदाजाला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा सात वेळचा मानकरी रॉजर क्लेमेन्स, त्यालाही ६५.२. त्याच साली डिसेंबरात दुसऱ्या एका समितीसमोर दोघांची नावं पुन्हा आली आणि पुन्हा पडली. त्याच बैठकीत फ्रेड मॅकग्रिफ सोळाच्या सोळा मतांनी निवडून आला. ४९३ होमरन, संशयाची सावलीसुद्धा नाही. पत्रकारांच्या मतदानात दहा वर्षं वाट पाहूनही त्याला चाळीस टक्के कधी मिळाली नव्हती, कारण आजूबाजूच्यांच्या फुगलेल्या आकड्यांपुढे त्याचा खरा आकडा लहान दिसत होता. बॉण्ड्सची बाजू घेणारे म्हणतात, १९९८ च्या, म्हणजे त्याच्यावरच्या संशयाच्या काळाच्या, आधीच तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. खरं आहे. पण मला मॅकग्रिफची दहा वर्षं जास्त टोचतात.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे. हे सगळं ज्याच्या कारभारात झालं तो लीगचा आयुक्त बड सेलिग २०१७ मध्ये मानाने त्याच हॉलमध्ये गेला. गर्दी वाढली, पैसा आला, त्याचं श्रेय कार्यालयाला आणि डाग तेवढा खेळाडूंना!

म्हणून आमच्या मालकाने जे केलं ते लिहिणं मला गरजेचं वाटतं. त्या मुलाचा फोटो त्याने फाडला नाही. मधल्या जागेवरून काढला आणि वजनकाट्याच्या बाजूला लावला. खाली साल, स्पर्धा आणि सापडलेल्या औषधाचं नाव, मुलाला विचारून. बॉण्ड्सने ज्या चेंडूवर ७५५ चा जुना विक्रम मोडला, तो चेंडू एकाने विकत घेतला, लोकांचा कौल घेऊन त्यावर तारांकनाची, म्हणजे विक्रम वादातला असल्याची, खूण उमटवली आणि हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयाला दिला. आमच्या वजनकाट्याशेजारचा फोटो मला तसाच वाटतो: घडलं ते लपवलं नाही, मान दिला नाही. आणि मालक तिथे थांबला नाही. त्या विजयामुळे त्याला स्वतःला मिळालेलं उत्तम प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी त्याने भिंतीवरून उतरवलं. ‘काका, पोराचे दंड दोन महिन्यांत एवढे वाढले ते मला दिसत नव्हते का? मी विचारलं नाही,’ असं तो माझ्याशी बोलला. ढाल घेऊन तो लांज्याला दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाच्या घरी जाऊन आला. आयोजकांनी निकाल बदललेला नाही, ढाल मात्र त्या घरात आहे.

मुलाला काढून टाकलेलं नाही, हेही मला पटतं. तो पहाटे येतो, शाळेच्या पोरांना जोर-बैठका शिकवतो, कुणी टोचणीबद्दल विचारलं तर आपल्या शरीराचं काय झालं ते तपशिलात सांगतो. माझ्या पुतण्याला मी त्याच्याकडेच आणलंय.

एक तारा कापला तो रॅकसाठी आणि न्हाणीघरासाठी. आणि एका गोष्टीवर माझं मालकाशी जमत नाही. बंदी संपली, मुलगा स्वच्छ राहिला, तर पाच वर्षांनी फोटो मधल्या जागी परत लावू, असं त्याने सभासदांसमोर ठेवलंय. मुलाने पुन्हा उतरावं, जिंकावं, त्या नव्या फोटोसाठी मी स्वतः फ्रेम करून देईन. पण ढालीचा तो जुना फोटो वजनकाट्याजवळच राहू दे. ते साल लांज्याच्या मुलाचं होतं. गणपतीनंतरच्या रविवारी सभा आहे, तिथे मी हेच मांडणार आहे. पहाटेच्या बॅचमधल्यांनीही यावं, संध्याकाळवाल्यांची संख्या जास्त आहे.