तीन तास उभ्यानं वाजवायची गिटार: यामाहा पॅसिफिका ११२व्ही आणि तिचा बेल्ट

इलेक्ट्रिक गिटार घेताना आपण पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) बघतो, लाकूड विचारतो, अ‍ॅक्शन (तारांची नेकपासूनची उंची) तपासतो, आणि हे सगळं दुकानातल्या स्टुलावर बसून. बेल्ट लावून, उभं राहून वाजवून बघणारे फार थोडे. मी हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात वाजवते. कार्यक्रम तीन तासांचा, त्याआधी साउंड चेक, आणि आमच्याकडे गिटार-बास उभ्यानंच. त्यामुळे गिटारमध्ये मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: खांद्यावर अडकवली की जिथे ठेवली तिथे राहते का? यामाहाची पॅसिफिका ११२व्ही मी पावसाळ्याआधी घेतली. गणपती, नवरात्र, कोजागिरी आणि पाठोपाठ लग्नसराई असा सगळा हंगाम तिच्यावर काढला, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधीची गिटार आवाजाला गोड होती. पातळ महोगनी बॉडी, नेकच्या दोन बाजूंना पुढे आलेली दोन आखूड शिंगं, हलकी. पण तिच्या बेल्टचं पुढचं बटण (ज्यात बेल्ट अडकतो ती खुंटी) मागच्या बाजूला, नेक बॉडीला जिथे जोडली जाते तिथे होतं. डावा हात नेकवरून काढला की हेडस्टॉक, म्हणजे तारा मिळवायच्या चाव्या असलेलं नेकचं टोक, थेट जमिनीकडे. घरी बसून वाजवताना हे कळतही नाही. स्टेजवर मात्र गाण्यागणिक कॉर्डच्या वहीचं पान उलटायचं असतं, माइक सरकवायचा असतो, पट्टी बदलायचा चिमटा म्हणजे कॅपो लावायचा असतो, निवेदक बोलत असताना तार मिळवायची असते. प्रत्येक वेळी उजव्या कोपरानं बॉडी दाबून धरायची आणि मग डावा हात मोकळा करायचा. वाजवतानाही डाव्या अंगठ्याचं निम्मं काम नेक तोलून धरायचंच. पोझिशन बदलताना हात सैल सुटला पाहिजे, तो सुटत नाही. दुसऱ्या अंकापर्यंत मनगट आणि मानेची डावी बाजू भरून येते, आणि बार कॉर्डची (एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या) गाणी लागोपाठ आली की हात जड पडतो.

यात वजनाचा दोष कमी आणि तोलाचा जास्त. वादक याला नेक डाइव्ह म्हणतात. गिटार दोन बटणांवर टांगलेली असते. पुढचं बटण नेकच्या दिशेनं जितकं पुढे, तितका गुरुत्वमध्य दोन बटणांच्या मध्ये सुरक्षित राहतो. बटण मागे आलं आणि बॉडी हलकी असली, तर लांब नेक आणि तिच्या टोकाच्या सहा चाव्या जिंकतात. म्हणून निव्वळ हलकी गिटार शोधणं हा उपाय नाही. बॉडी हलकी पण नेक-हेडस्टॉक नेहमीचेच असतील, तर अडीच-तीन किलोची गिटारही साडेतीन किलोवालीपेक्षा जास्त दमवते.

आणखी एक गोष्ट दुकानात सहज ध्यानात येत नाही. पुढचं बटण कुठे आहे त्यावर गिटार अंगासमोर डावी-उजवीकडे किती सरकते तेही ठरतं. बटण नेकच्या मुळाशी असेल तर सगळी गिटार डावीकडे सरकते आणि पहिला फ्रेट, म्हणजे नेकवरची हेडस्टॉककडची पहिली पट्टी, लांब जातो. एफचा बार कॉर्ड धरताना कोपर अंगापासून सुटतं. माझ्यासारख्या आखूड हातांच्या माणसाला हा फरक फार जाणवतो.

हा प्रश्न गिटार बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. अमेरिकन गिटारकर्ता लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला तेव्हा त्याची नेक इतकी लांब होती, की तोल साधायला वरचं शिंग पुढे वाढवावं लागलं. त्याच्याच १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट गिटारमध्ये तेच शिंग आलं, साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पोचणारं. शिवाय फेंडरच्याच आधीच्या टेलिकास्टर गिटारच्या कडा बरगड्यांना आणि हाताला टोचतात अशी तक्रार बिल कार्सन, रेक्स गॅलियन यांच्यासारख्या वादकांनी केली होती, म्हणून स्ट्रॅटच्या पाठीला पोटाचा खोलगट काप आणि पुढून कोपराचा उतार दिला. आज आपण ज्याला स्ट्रॅटचा आकार म्हणतो तो दिसायला देखणा आहेच, पण त्याचा जन्म अंगाला बसण्यातून झाला. गिब्सन कंपनीची एसजी १९६१ मध्ये त्यांच्याच जाड लेस पॉल गिटारच्या जागी आली. पातळ बॉडी, वरच्या फ्रेटपर्यंत हात विनासायास पोचतो, पण बटण नेकच्या मुळाशी. तिचा आवाज आणि हाताला येणारी मोकळीक यावर जीव टाकणारे वादक जगभर आहेत आणि ते तो तोल सांभाळून घेतात. लेस पॉल याच्या उलट: बॉडी जड म्हणून नेक जागची हलत नाही, पण चार-साडेचार किलो एका खांद्यावर. गिब्सननं १९८०च्या दशकापासून तिच्या बॉडीत आतून भोकं पाडून वजन कमी करायला सुरुवात केली ती त्यासाठीच.

आता पॅसिफिका. आकार स्ट्रॅटच्या घराण्यातला, बॉडी आल्डरची, नेक मेपलची आणि स्क्रूनं जोडलेली, २२ फ्रेट, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच. वरचं शिंग लांब, कडा चांगल्या गोलावलेल्या. बॅगा तोलायच्या काट्याला लावून बघितली तर माझी सव्वातीन किलोच्या आसपास भरली. बेल्टवर घेतली, दोन्ही हात सोडले, नेक किंचित वर राहिली आणि तशीच राहिली. हंगाम संपेपर्यंत त्यात काही बदललं नाही. वहीचं पान मी आता एका हातानं, गाणं चालू असतानाच उलटते. उघड्या तारा घुमत असतात आणि डावा हात मोकळा असतो. अंगठा नेकच्या मागे फक्त टेकलेला. माझ्या वाजवण्यात सगळ्यात मोठा फरक पडला तो इथे: सरकवून घ्यायच्या जागा, दोन फ्रेट खालून उचललेला सूर, जलद कॉर्ड बदल, हे सगळं शेवटच्या गाण्यापर्यंत तितकंच सैल राहतं.

पोटाचा काप पुरेसा खोल आहे, कोपराच्या आतल्या बाजूला वळ उठत नाही. वाद्यवृंदाला लागणारी विविधता आहे: ब्रिजला हंबकर (दुहेरी गुंडाळीचा, गुणगुण कमी करणारा पिकअप), बाकी दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे), टोनचं बटण वर ओढलं की हंबकरही सिंगल कॉइल होतो. मंडपातल्या डिमरच्या दिव्यांजवळ कुठलाही सिंगल कॉइल गुणगुणतोच, तेव्हा मी दोन पिकअप एकत्र चालणाऱ्या जागा वापरते. आवाजाबद्दल एवढंच, कारण त्यावर भरपूर लिहिलं जातं.

बायकांसाठी मात्र वेगळं सांगायला हवं, कारण हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही. उजव्या हातानं वाजवणाऱ्याचा बेल्ट डाव्या खांद्यावरून जातो, आणि साडीचा पदरही तिथेच. कार्यक्रमाला काठपदराची साडी असली की सिल्कवर नायलॉनचा बेल्ट सरकत राहतो, आणि खाली पदराची पिन. सव्वातीन किलोचा भार त्या पिनेवर आला की ती टोचतेच, आणि साडीही फाटते. मी आता पदर खांद्याच्या मागच्या उतारावर, ब्लाउजच्या शिवणीपाशी पिन करते आणि बेल्ट त्याच्या पुढे, मानेपासून चार बोटं बाहेर ठेवते. आतल्या कपड्याच्या पट्टीची प्लास्टिकची कडी बेल्टखाली आली तरी तासाभरात खड्डा पडतो, ती पाठीकडे सरकवून घ्यायची. लांब मंगळसूत्र गिटारच्या पाठीवर घासतं, ते पदराखाली. गिटारचा आकार बाईच्या अंगाचा विचार करून आखण्याचे प्रयत्नही झालेत. सेंट व्हिन्सेंट या नावानं गाणाऱ्या अ‍ॅनी क्लार्कनं २०१६ मध्ये अर्नी बॉल म्युझिक मॅनबरोबर काढलेली कोनदार, अरुंद कमरेची गिटार त्यातलीच. आपल्याकडे ती सहज हाताळायला मिळत नाही, पण असा विचार झाला याचा मला मनापासून आनंद आहे.

बेल्ट हे निम्मं उत्तर आहे असं मी ठामपणे म्हणेन. गिटारबरोबर फुकट मिळणारा दोन इंची नायलॉनचा बेल्ट तोल बिघडवतो, कारण तो खांद्यावर पकड घेत नाही. निओप्रिनचा ताणणारा बेल्टही वापरला. सुरुवातीला हलका वाटतो, पण प्रत्येक ठोक्याला गिटार वरखाली होते आणि फ्रेटचा अंदाज चुकतो. मला मानवला तो तीन इंची चामड्याचा, आतून खरखरीत. माझा कोल्हापुरात करून घेतलेला आहे, चपलांचं काम करणाऱ्या कारागिराकडून. त्यांना जुना बेल्ट नमुना म्हणून दिला. त्यांनी चामड्याची गुळगुळीत बाजू वर आणि लवदार बाजू खांद्याकडे ठेवली, टोकांच्या चिरा बटणापेक्षा जराशा लहान कापल्या आणि म्हणाले, “ताई, वापरून सैल हुईल, आत्ता घट्टच असू द्या.” तसंच झालं. पहिले काही दिवस बटणावर चढवायला जोर लागायचा, आता हवा तसा बसतो. चामडं बिनरंगाचं घ्या. रंगवलेलं असेल तर घामानं कपड्यावर उतरतं, आणि मे महिन्यातल्या लग्नाच्या मंडपात घामाला तोटा नाही. रुंदीही बेतानं: साडेतीन-चार इंचांचा बेल्ट अरुंद खांद्यावर मानेला घासतो.

उंचीबद्दल: बसून वाजवताना गिटार जिथे असते तिथेच उभ्यानं आली पाहिजे. खुर्चीवर बसायचं, बेल्ट ताठ होईल इतका आवळायचा आणि मग उभं राहायचं. गुडघ्यापर्यंत सोडलेली गिटार फोटोत छान दिसते, पण डावं मनगट काटकोनात वळतं आणि करंगळीची पोच जाते. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर बेल्ट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बटणांवर लॉक बसवून घ्या. शालर, डनलॉप दोघांचे चांगले मिळतात. तेवढा खर्च नको असेल तर बटणावर रबरी वॉशर चढवला तरी बेल्ट निसटत नाही. फक्त नायट्रो लॅकरच्या (नायट्रोसेल्युलोज पॉलिशच्या) गिटारवर रबर टेकू देऊ नका, पॉलिश खराब होतं. बटणाचा स्क्रू कुठल्याही गिटारचा वापरानं सैल पडतो. भोक मोठं झालं असेल तर लाकडी टूथपिक गोंद लावून आत घालायची, सुकली की कापायची आणि स्क्रू परत फिरवायचा. हे घरी जमतं.

दुकानात जाताना स्वतःचा बेल्ट न्या. मुंबईत धोबी तलावाच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात जा किंवा गावातल्या छोट्या, बेल्ट लावून बघायला कोणी नाही म्हणत नाही. कार्यक्रमाला घालता तसेच कपडे घाला, दोन्ही हात सोडा, थोडं पुढे वाका, वळा. मग निदान पंधरा मिनिटं उभ्यानं वाजवा, त्यातली पाच पहिल्या तीन फ्रेटवर. बजेट जास्त असेल तर हेडस्टॉक नसलेल्या गिटारही हाताळा. नेड स्टाइनबर्गरनं १९८०च्या सुमारास बासवर हा प्रकार रूढ केला. आता आयबनेझची क्यू मालिका आणि स्वीडनच्या स्ट्रँडबर्गच्या गिटार त्याच वाटेनं जातात. टोकाला वजनच नाही, त्यामुळे झुकण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मी त्या थोड्याच वेळ वाजवल्यात, पण हलकेपणा आणि तोल एकत्र हवा असेल तर त्या बघायलाच हव्यात.

आणि जी गिटार हाताशी आहे तीच झुकत असेल, तर लगेच विकू नका. आधी लवदार चामड्याचा बेल्ट लावून बघा, बऱ्याच वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर हलक्या चाव्या, टोकावरचे काही ग्रॅमही जाणवतात. शेवटी पुढचं बटण वरच्या शिंगावर हलवणं, पण ते जाणत्या कारागिराकडूनच: पातळ शिंगात वेडंवाकडं भोक पडलं तर लाकूड चिरतं, आणि जुन्या, मोलाच्या गिटारला नवं भोक पाडूच नये. माझ्या जुन्या गिटारला मी फक्त बेल्ट बदलला. ती अजून थोडी झुकते, पण घरी बसून रेकॉर्डिंग करताना तिच्या आवाजासाठी मी तीच उचलते. कार्यक्रमाच्या पिशवीत पॅसिफिका जाते.