रंगीत ट्रॉल्यांखाली कोणती लादी? चकचकीत आयव्हरी की ठिपक्यांची मॅट

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या पांढऱ्या असतील तर खाली कुठलीही लादी खपून जाते. लाल, पिस्ता, मोरपंखी अशी शटरं घ्यायची ठरली की प्रश्न अवघड होतो. लादीने शटरशी भांडायचं नाही, आणि सांडलेल्या आमटीचा प्रत्येक थेंब मिरवायचाही नाही. त्यात शटरवरचा सनमायका दहा-बारा वर्षांनी कंटाळा आला म्हणून बदलता येतो. लादी बदलायची म्हणजे सोसायटीची परवानगी, दुपारची आवाजबंदी, गोण्या भरून खाली उतरवायचं डेब्रिज. म्हणून आजच्या लालला आणि पुढे कधी निळा लावला तर त्यालाही चालेल, अशीच लादी शोधायची.

दुकानात शंभर नमुने दाखवतात, पण मुंबईतल्या साधारण स्वयंपाकघरासाठी निवड बहुतेक वेळा दोघींवर येऊन थांबते. एक, बिल्डरच्या हातची जुनी ओळखीची दोन बाय दोन फुटांची ग्लॉसी (चकचकीत) आयव्हरी. दुसरी, त्याच मापाची मॅट, उबदार राखाडी, बारीक ठिपक्यांची, लांबून जुन्या मोझॅकसारखी वाटणारी. दोन्ही व्हिट्रिफाइड, दोन्हींचा माल बहुधा गुजरातेतल्या मोरबीचाच. एवढ्याशा खोलीत भावाच्या फरकाने निर्णय फिरावा असं सहसा होत नाही.

आधी रंगाचं बघू. ग्लॉसी लादी म्हणजे आडवा आरसा. खाली नारिंगी शटर असेल तर ओट्यापुढची फूटभर आयव्हरी लादी नारिंगीच दिसते आणि खोलीत आपण ठरवलं होतं त्यापेक्षा रंग जास्त होतो. शोरूममध्ये हे कळत नाही, कारण तिथे लादी स्टँडवर उभी असते आणि शटरचा तुकडा तिच्या शेजारी धरलेला असतो. घरी लादी जमिनीवर ठेवा, शटरचा तुकडा तिच्यावर काटकोनात उभा करा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, रात्री दिवा लावून एकदा. आयव्हरीत मुळात पिवळट झाक असते. 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली ती साजूक तुपासारखी दिसते आणि निळ्या किंवा मोरपंखी शटरशेजारी मळकट वाटते. 6500च्या पांढऱ्या ट्यूबखाली तीच लादी बरी दिसते.

मॅट लादी शटरचा रंग स्वतःत उतरवून घेत नाही. राखाडी घेताना मात्र झाक तपासायची. निळसर राखाडी लाल-पिवळ्या शटरखाली थंड, सिमेंटसारखी पडते, तर किंचित तपकिरीकडे झुकणारी राखाडी दोन्हीकडे निभावून नेते. झाक नुसत्या डोळ्यांना कळली नाही तर कोरा पांढरा कागद लादीवर ठेवा, लगेच उघडी पडते. ठिपक्यांमध्ये पांढरा, कोळशाचा आणि तपकिरी अशा तीन छटा असल्या की जवळजवळ कुठल्याही शटरला त्यातली एखादी जुळते. ठिपका दोन ते पाच मिलिमीटरचा असावा. हल्ली टेराझो म्हणून रुपयाच्या नाण्याएवढ्या खड्यांची छपाई मिळते. ती सुंदर असते, पण रंगीत शटरखाली दोघांची चढाओढ लागते. ठिपक्यांत विटकरी किंवा हिरवा रंग असेल तर तोही टाळलेला बरा, पुढचं शटर त्या रंगाला बांधलं जातं.

इथपर्यंत वाद घालता येईल. ग्लॉसीची बाजू घेणारा म्हणेल की खोली मोठी आणि उजेडाची वाटते, आणि ते खरंच आहे. तराजू हलतो तो वेगळ्याच गोष्टीने: पुसल्यानंतरचे पट्टे.

मुंबईच्या स्वयंपाकघरात खिडकी बहुतेक वेळा दाराच्या समोर असते. म्हणजे आत पाऊल टाकलं की उजेड समोरून, लादीला घासून डोळ्यांत येतो. फोडणीच्या तेलाचा सूक्ष्म थर रोज जमिनीवर बसतो. फडक्याने तो निघत नाही, पसरतो. त्यात फिनाइल जास्त पडलं तर त्याचाही थर चढतो. आरशासारख्या पृष्ठभागावर हा थर प्रतिबिंब तोडतो, म्हणून फडकं जसं फिरलं तसे अर्धगोल पट्टे दिसतात. त्यावर अनवाणी पाऊल पडलं की टाच आणि पाच बोटं स्पष्ट उमटतात, फ्रिजपासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून बेसिनपर्यंत. लादी स्वच्छ असते हो, पण दिसत नाही. साधा उपाय आहे: कोमट पाण्यात थोडासाच साबण, दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी, दोनदा पुसायचं आणि शेवटी कोरडं फडकं. चार दिवस उत्साहाने होतं. पाचव्या दिवशी बाई एकाच बादलीत अख्खं घर पुसून जातात आणि पावलं परत येतात. मॅट लादीवर हा थर बसत नाही अशातला भाग नाही. तिचा पृष्ठभाग उजेड मुळातच विखुरतो, त्यामुळे थर डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने ही लपवाछपवीच म्हणा. दिवसातून दहा वेळा त्या खोलीत जाणाऱ्याला मात्र ती फार सुखाची वाटते. निदान मला तरी वाटते.

पावलांचं सोडून बाकीचा कचराही धरायला हवा. पांढऱ्याकडे झुकणाऱ्या लादीवर केस, चहाचा ओघळ, हळद उठून दिसते. अगदी काळ्या लादीवर पीठ, खोबऱ्याचा कीस आणि वाळलेल्या पाण्याचे पांढरे डाग दिसतात. मधल्या छटेवर दोन्ही निम्म्याने दिसतात. ठिपक्यांच्या लादीची एक अडचण मात्र मान्य करायलाच हवी: तिच्यावर सांडलेली मोहरी किंवा कानातल्याची फिरकी सापडत नाही. झाडू मारून सुपलीत शोधायची.

ओल्या पायाचंही आहेच. मासे धुतल्यावर दोन थेंब तेलकट पाणी ओट्यावरून खाली आलं की ग्लॉसीवर पाय सटकतो. घरात म्हातारं माणूस असेल तर इथेच चर्चा संपावी. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात घसरणीचा आकडा दिलेला असतो. घरच्या स्वयंपाकघराला आर10 पुरे. त्याच्या पुढची खडबडीत लादी इथे त्रासाची.

कारण मॅट म्हणून जे विकलं जातं ते सगळं सारखं नसतं. साधी मॅट आणि सॅटिन हाताला गुळगुळीत लागते. रस्टिक, पंच, शुगर फिनिश हे प्रकार बाल्कनीला ठीक, पण स्वयंपाकघरात त्यांच्या खाचांत तेल आणि धूळ मिळून काळी पुटं धरतात आणि फडक्याचे धागे अडकतात. दुकानदाराकडून नमुना घ्या, गोडेतेलात हळद कालवून त्यावर रात्रभर ठेवा, सकाळी भांड्याच्या साबणाने पुसा. मग पेन्सिलीने चार रेघा ओढून ओल्या फडक्याने पुसून बघा. रेघ खरवडून काढावी लागली तर ती लादी नको. ग्लॉसीलाही हळदीची परीक्षा द्याच. पॉलिश केलेल्या डबल चार्ज, म्हणजे वर रंगाचा जाड थर असलेल्या लादीत कारखान्यात घासताना सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात, ती नॅनो कोटिंगने भरलेली असतात, आणि वापराच्या वाटेवर ते कोटिंग हळूहळू झिजतं.

ग्लॉसीतल्या डबल चार्जची एक बाजू खरोखर भक्कम आहे. तिचा रंगीत थर साधारण तीन-चार मिलिमीटरचा असतो. कुकरचं झाकण किंवा बत्ता पडून टवका उडाला तरी आत तोच रंग दिसतो. मॅट ठिपक्यांची लादी बहुधा ग्लेझ्ड असते, म्हणजे वर छपाई आणि खाली वेगळ्याच रंगाचं अंग. घेताना ती कडेने बघा. अंग राखाडी असेल तर टवका ठिपक्यांत मिसळून जातो, पिवळट किंवा लालसर असेल तर कायम डोळ्यांत येतो. फुल बॉडी, म्हणजे आरपार एकाच रंगाची मिळाली तर उत्तमच, पण तिच्यात छटा मोजक्या. छपाईच्या लादीत आणखी एक विचारायचं: किती फेस, म्हणजे छपाईचे किती वेगवेगळे नमुने आहेत? चारच वेगळे फेस असतील तर तोच ठळक ठिपका दर दोन पावलांनी भेटतो. आठ फेसची घ्या आणि चिकटवण्याआधी सगळ्या लाद्या कोरड्याच मांडून बघा.

कोटा दगड हवा असणारेही बरेच असतात. थंड आणि टिकाऊ, पिवळ्या-लाल शटरखाली त्याचा हिरवट राखाडी रंग छान दिसतो, मोरपंखीखाली उदास. पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडून राहिलं की पॉलिश खाऊन फिकट डाग पडतो, आणि राहत्या घरात पॉलिशचं मशीन फिरवणं म्हणजे राडा. 1922 मध्ये सुरू झालेली मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज बनवते तशा सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या दिवाणखान्यात राजेशाही दिसतात. गॅसपुढे त्या तेल पितात, वरचेवर सीलर लावायची तयारी असेल तरच. मोरोक्कन नक्षीबद्दल एवढंच, की नक्षी जमिनीला द्या किंवा डॅडोला, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या लाद्यांना. रंगीत शटर असताना दोन्हीकडे नको.

बसवताना दोघींचे नियम जवळपास सारखे. सहा बाय आठची खोली म्हणजे 48 चौरस फूट, दहा टक्के तुटीसह 53. दोन बाय दोनच्या खोक्यात चार लाद्या, म्हणजे 15.5 चौरस फूट. चार खोकी घ्यायची, चारही एकाच बॅचची. दोन बाय दोन म्हणतात खरं, पण लादी 600 मिलिमीटरची, दोन फुटांना नऊ-दहा मिलिमीटर कमी. आठ फूट म्हणजे 2438. चार लाद्या आणि त्यांच्यामधले दोन-दोन मिलिमीटरचे तीन सांधे धरून 2406 होतात. उरते 32 मिलिमीटरची जागा. तिथली बारीक पट्टी कापताना फुटते आणि बसल्यावर ठिगळासारखी दिसते. ती ओट्याखाली किंवा फ्रिजमागे जाईल अशी सुरुवात करायची. नाहीतर मध्ये तीन पूर्ण आणि दोन्ही कडांना साधारण 315चे तुकडे. त्यात लाद्या जास्त लागतात, पण डोळ्याला बरं. गवंडी दारापासून सरळ सुरू करतो, तेव्हा त्याला हे आदल्या दिवशी सांगा.

व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही आणि काही वर्षांनी ठोकल्यावर पोकळ वाजते. अ‍ॅडहेसिव्हच हवं, दातेरी थापीने ओढलेलं. तीन मिलिमीटरच्या थराला वीस किलोची गोणी 45 ते 50 चौरस फूट पुरते, तेव्हा दोन मागवा. जुन्या लादीवरच नवी चढवायची असेल तर पातळी बारा मिलिमीटरने वाढते. दार खालून तासावं लागेल आणि ट्रॉल्यांची उंची आधी मोजावी लागेल. सांधा न ठेवता लादीला लादी भिडवण्याचा आग्रह धरू नका. उन्हाळ्यात प्रसरण पावायला जागा नसली की मधल्या लाद्या तंबूसारख्या वर उठतात, कधी कधी फटाक्यासारखा आवाज करून. मध्ये दोन मिलिमीटरचे स्पेसर आणि भिंतीपाशी पाच ते आठ मिलिमीटर मोकळे, वरून स्कर्टिंगने झाकलेले.

सांध्यात इपॉक्सी ग्राउट भरा, लादीपेक्षा एक छटा गडद. सिमेंटचं पांढरं ग्राउट गॅसपुढे सहा महिन्यांत तपकिरी होतं, मग लादी कुठलीही असो. इथे मात्र माझ्या आवडत्या मॅटचा खरा दोष निघतो. इपॉक्सीचा चिकट थर ग्लॉसीवरून सहज पुसला जातो. मॅटच्या बारीक पोतात तो वाळला तर धुरकट झाक कायमची बसते, आणि मग दोष लादीला लागतो. एका वेळी आठ-दहा चौरस फूटच भरायचे, वीस-पंचवीस मिनिटांच्या आत ओल्या स्पंजने पुसायचं, पाणी सारखं बदलायचं. कारागीर कुरकुरतो, कारण काम दुप्पट वेळ घेतं. त्या अर्ध्या दिवसाची जास्तीची मजुरी आधीच ठरवून टाकावी.

खिडकी डक्टमध्ये असेल आणि दिवसाही ट्यूब लावावी लागत असेल, तर ग्लॉसीचा विचार करायला माझी हरकत नाही. तिथे घासून येणारा उजेडच नसतो, त्यामुळे पट्टेही कमी दिसतात. मग शटर फिकट घ्या, म्हणजे जमिनीत उतरणारा रंगही फिकट राहील. बाकी घरांत, माझ्या मते, ठिपक्यांची मॅट. उरलेल्या लाद्या परत करू नका. दोन-तीन माळ्यावर उभ्या ठेवा, आणि खोक्यावरचा शेड आणि बॅच छापलेला पुठ्ठा फाडून त्यांनाच बांधून ठेवा.