जुनं ग्राफिक्स कार्ड रेटायचं, सेकंड हँड घ्यायचं की नवं?

परवा भाच्याच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं केलं. "मामा, गेमच उघडंना झालाय, कार्ड बदलूया," म्हणून महिनाभर पाठ सोडली नव्हती. आत २०१६ सालचं सहा जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड आणि आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर. कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत कोल्हापूरच्या राजारामपुरीची धूळ अशी बसलेली की ब्रशला दाद देईना. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून पापुद्रा झालेला. साफसफाई केली, नवी पेस्ट लावली. ८४ अंशांवर तापणारं कार्ड ७१ वर थांबलं. व्हॅलोरंट किंवा जीटीए फाइव्ह खेळणाऱ्यानं इथंच थांबावं, पैसे खिशात ठेवावेत.

त्यानंतरही गेम अडखळत असेल, तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून बघा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढले तर कार्ड दमलंय. जिथल्या तिथं राहिले तर दमलाय प्रोसेसर, आणि नवं कार्ड घालून काही फरक पडणार नाही.

भाच्याची अडचण मात्र वेगळीच निघाली. त्याला 'डूम: द डार्क एजेस' खेळायचा होता, आणि त्या गेमला रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारं, हार्डवेअर लागतंच. १०६० मध्ये ते नाही, मग सेटिंग कितीही खाली आणा. त्यात या कार्डांची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं या पिढीच्या कार्डांचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत. २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. गेम हळू चालतोय तोवर जुनं रेटता येतं. उघडतच नसेल तर रेटण्यात अर्थ नाही.

मग सेकंड हँड आरटीएक्स ३०६० की नवं कोरं ५०६०? वेगात ५०६० सरळ पुढं. वॉरंटी मिळते, डीएलएसएसचं फ्रेम जनरेशनही मिळतं, म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआयनं बनवलेल्या फ्रेम. (मूळचेच फ्रेम २५ असतील तर त्यानं आकडा फुगतो, हाताला जडपणा तसाच लागतो. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर तर त्याचा उपयोगच नाही.) पण मेमरी आठ जीबी, आणि कार्ड मदरबोर्डाशी डेटाच्या आठच वाटांवर (लेनवर) बोलतं. भाच्याच्या बोर्डावर कार्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई ३.० चा. मेमरी भरली की सगळा माल त्या अरुंद बोळातून ये-जा करणार, आणि झटके बसणार. ३०६० मध्ये बारा जीबी आहे, लेन सोळा. जुन्या बोर्डाला ते जास्त मानवतं. वर्षभरात बोर्ड-प्रोसेसरही बदलणार असाल तरच मी ५०६० म्हणेन.

सेकंड हँडमध्ये धोका मायनिंगचा, म्हणजे क्रिप्टो चलन कमावायला रात्रंदिवस राबवलेल्या कार्डांचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद पडलं, त्याआधी राबलेली कार्डं अजून फिरतायत. बिल मागा. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून कार्डाला लोड द्या, पंख्याची घरघर ऐका, पडद्यावर रंगीत ठिपके आले तर उठा.

आम्ही ३०६० ठरवलं, आणि निघायच्या आधी एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरी मोजल्या. १०६० ला सहा पिनांची वायर पुरते, ३०६० ला बहुतेक आठ पिनांची लागते; १२० वॅटवरून १७० वर उडी आहे. भाच्याच्या एसएमपीएसला सहाच पिना. आता आधी एसएमपीएस. कार्ड दिवाळीत.