धोक्याचं ते ‘साधा मस’, साधं ते ‘कॅन्सरची पायरी’: एका लेझर क्लिनिकचा अनुभव

त्वचेवरची गाठ, मस किंवा तीळ जाळून काढून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: काढलेला तुकडा तपासायला कुठे पाठवणार? समोरचा हसला, किंवा ‘त्याची काही गरज नसते हो’ म्हणाला, तर चपला घाला आणि जिना उतरा. माझ्या मामांच्या नाकाचं काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण धनकवडीपासून स्वारगेटपर्यंत यायचं म्हटलं तरी ‘स्किन, हेअर अँड लेझर’च्या किती पाट्या लागतात ते मोजवत नाही. त्यांतल्या काही चांगल्याही असतील. आम्हाला भेटली ती कोणती, ते लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि आमच्या वकीलबाईंची तशी सक्त ताकीद आहे.

मामा सासवडकडचे. अंजीर-सीताफळाची बाग, सगळा जन्म उन्हात गेलेला, आजही धोतर नेसतात. डाव्या नाकपुडीच्या खोबणीत त्यांना मुगाच्या डाळीएवढी काळी, चकचकीत गाठ होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. टॉवेलने तोंड पुसताना मात्र तिथून रक्त यायचं, मग खपली धरायची, खपली पडली की पुन्हा रक्त. गावात कुणी चुना आणि पापडखार लावायला सांगितलं, कुणी घोड्याचा केस बांधायला. दोन्ही मामांनी उडवून लावलं. मोतीबिंदूसाठी पुण्यात आमच्याकडे आले असताना मामींच्या मोबाइलवर जाहिरात आली: ‘तीळ, मस, चामखीळ – बिनटाक्याचं, बिनवेदनेचं, एका बैठकीत.’ मार्चअखेर असल्याने मी ऑफिसात गाडलेला (कर सल्लागाराचा धंदा आहे माझा), आणि ही दोघं रिक्षा करून परस्पर जाऊन आली.

तिथे काय घडलं ते मामींच्या तोंडून ऐकलं, आणि त्यांनी आणलेली कागदांची फाइल मी ओळ न् ओळ वाचली. आधी ‘काउन्सेलर’ मुलगी. काका-काकू करत पाणी, चहा, गार हवा. मग टॅबलेटला लावलेल्या छोट्या भिंगातून दोघांच्या चेहऱ्याचे फोटो. हो, दोघांच्या. दाखवायला गेले होते मामा, पण मामींच्या गालांवर बारीक काळे दाणे आहेत, तेही त्या मुलीने ‘कॉम्प्लिमेंटरी’ स्कॅन केले. दोन रंगीत कागद छापून आले. मामांच्या कागदावर हिरवा पट्टा: धोका ८ टक्के, सौम्य. मामींच्या कागदावर लाल पट्टा: धोका ७१ टक्के.

मग डॉक्टर म्हणवणारा तरुण आला. मामांना म्हणाला, ‘काका, हा साधा मस आहे, दहा मिनिटांचं काम.’ मामींना म्हणाला, ‘काकू, तुमचं जरा बघायला लागेल. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.’ मामींचे हातपाय गळाले. बायोप्सी करायची का, असं त्यांनीच विचारलं. शेजारणीची झाली होती म्हणून तो शब्द ठाऊक होता. त्यावर उत्तर: ‘सुई-ब्लेड लावलं की पसरतं काकू. आम्ही लेझरने मुळासकट जाळतो, पसरायला काही उरतच नाही.’

मामांचं पॅकेज ३८,०००, मामींचं २२,०००. जोडप्याने एकत्र घेतलं तर ५२,०००. नवराबायकोला मिळून सवलत देणारं कर्करोगाचं निदान मी तरी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

मामांची गाठ त्याच दिवशी जाळली. मामींचे दाणेही दोन बैठकांत जाळले. गालांवर पांढरट-तपकिरी डाग राहिले, ते अजून आहेत. मामांची जखम भरली, वर गुळगुळीत फिकट वण आला, आणि सगळे खूश. पावसाळा संपता संपता त्या वणाच्या कडेला पुन्हा काळी रेघ उगवली आणि पुन्हा रक्त. क्लिनिकवाले म्हणाले, पथ्य पाळलं नसेल. आणखी एकदा जाळलं. मग ‘प्रतिकारशक्ती’ची पुडकी दिली, तीही पॅकेजबाहेर. तिसऱ्यांदा जाळायची तारीख मिळाली तेव्हा मामींनी मला फोन केला.

मी त्यांना एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेलं. खऱ्या, म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी केलेल्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं: ‘आधी काढलेल्याचा रिपोर्ट दाखवा.’ रिपोर्ट नव्हता. मग स्लाइड, ठोकळा (काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात तो), काहीतरी? काहीच नव्हतं. पेन ठेवून त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘शर्ट काढा मामा, सगळंच बघू.’

ती तपासणी मी कोपऱ्यात उभा राहून पाहिली. पाठीवर खरबरीत तपकिरी, वरून चिकटवल्यागत दिसणारे डाग होते: ‘हे वयाचे, सेबोऱ्हिक केराटोसिस, सोडून द्या.’ दंडावर मऊ गाठ, बोटाखाली सरकणारी: ‘चरबीची, लायपोमा, त्रास नसेल तर हातही लावू नका.’ मानेवरच्या लोंबत्या चामखिळी: ‘काही नाही.’ छातीवर लाल ठिपके: ‘काही नाही.’ मग तळपाय पाहिले, नखं पाहिली. मी विचारलं, पायाचं काय? तेव्हा कळलं की मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग आपल्याकडे पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि लोक तो भोवरी किंवा नखाला लागलेला मार समजून खरवडत बसतात. वेडावाकडा आकार, फाटलेली कड, एकाच डागात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा आणि मुख्य म्हणजे बदलत जाणारा: असा डाग दिसला की दाखवायचा. नंतर त्यांनी धोतराची गाठ सैल करायला लावून कंबरेचा काळवंडलेला पट्टा बोटाने चाचपला. घट्ट बांधलेल्या धोतराच्या किंवा साडीच्या घर्षणाने तिथे वर्षानुवर्षं जखम राहिली, तर तिचाही कर्करोग होऊ शकतो. मुंबईच्या डॉ. वि. रा. खानोलकरांनी १९४५ सालीच ‘धोतर कर्करोग’ वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला होता म्हणे. मामांची कंबर ठीक निघाली. मामा मात्र या माहितीने नाकापेक्षा जास्त हादरले.

सगळ्यात शेवटी नाक. दिवा असलेलं भिंग टेकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मलाही पाहायला दिलं. काळ्या-निळ्या ठिपक्यांच्या मधून फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, असावा, असं त्या म्हणाल्या. लगेच पुढे म्हणाल्या, ‘पण माझं ‘असावा’ कागदावर चालत नाही. तुकडा काढू.’

बायोप्सीचं ज्यांना भय घातलं गेलंय त्यांच्यासाठी लिहितो. नाकाच्या बाजूला बधिर करणारं इंजेक्शन, तेवढंच काय ते दुखलं. मग पेन्सिलीएवढ्या दांड्याचं गोल पातं, तोंडाशी तीन मिलिमीटरचं. ते फिरवून कडेचा तुकडा उचलला, एक टाका घातला आणि तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. बाटलीवर मामांचं नाव, वय, ‘डावी नाकपुडी’ आणि तारीख लिहिली. नर्सने ते मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘झालं?’ मामा म्हणाले. या सगळ्याचा खर्च पॅकेजच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आला. बायोप्सीने त्वचेचा कर्करोग पसरतो, ही निव्वळ थाप आहे.

रिपोर्ट आला: बेसल सेल कार्सिनोमा, रंगद्रव्ययुक्त, आत घुसत वाढणारा. जगात त्वचेच्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो. गोऱ्या माणसांत तो मोत्यासारखा फिकट दिसतो. आपल्या कातडीवर बहुधा काळा, म्हणून तीळ वाटतो. दूरच्या अवयवांत तो सहसा जात नाही, माणूस त्याने क्वचितच दगावतो. पण जागच्या जागी तो पोखरत जातो: कातडी, मग कूर्चा, नाकाशेजारी असेल तर डोळ्याच्या दिशेनेही. वेळेत पुरता काढला तर माणूस बरा होतो. लहान आणि स्पष्ट कडेचा असेल तर भोवतीची चारेक मिलिमीटर निरोगी कातडी धरून कापतात आणि कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे तिथे कर्करोग उरलेला नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

मामांच्या बाबतीत ही संधी जाळली गेली होती. वरचं जाळलं, खालचं राहिलं, त्यावर वण आला आणि वणाखाली तो आडवा पसरत राहिला. कड कुठे संपते हे भिंगातूनही कळेना. शस्त्रक्रियेत सर्जनना दोनदा कडा तपासायला पाठवाव्या लागल्या. टेबलावर मामा तसेच, आणि पॅथॉलॉजिस्ट गोठवलेल्या तुकड्यांची तपासणी करतायत. दुसऱ्या खेपेला कडा मोकळ्या आल्या. खड्डा झाकायला गालाची कातडी वळवून घ्यावी लागली. नाकपुडी जरा ओढल्यासारखी दिसते. बाकी मामा बरे आहेत, वेळोवेळी दाखवायला येतात.

डॉक्टरबाईंना मी विचारलं, समजा तो मेलॅनोमा असता तर? त्या म्हणाल्या, मेलॅनोमात तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं सगळं ठरतं: किती रुंद कापायचं, काखेतल्या-जांघेतल्या गाठी तपासायच्या का, पुढे औषधं द्यायची का. हे माप ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली घालून दिलं आणि आजही तेच वापरतात. जाळलेल्या तुकड्याला माप नसतं.

लेझर किंवा कॉटरी (विजेच्या तापत्या टोकाने जाळणं) वाईट, असं माझं म्हणणं नाही. मामींचे दाणे हे डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा. आपल्या वर्णाच्या माणसांत सर्रास होणारे, घराण्यात चालत येणारे. आमच्या आजीलाही होते. त्यांचा कर्करोग होत नाही. कुणाला नको वाटले तर त्वचारोगतज्ज्ञही ते कॉटरीनेच काढतात. काही उथळ कर्करोगसुद्धा खरवडून-जाळून बरे करतात, पण बायोप्सीनंतर. आम्ही गेलो तिथे निदान नावाची गोष्टच नव्हती, दरपत्रक होतं. मामांना ‘घातक असू शकेल’ म्हटलं असतं तर गिऱ्हाईक मोठ्या दवाखान्यात गेलं असतं, म्हणून ते सौम्य. मामी तर दाखवायलाच आल्या नव्हत्या. त्यांना घाबरवल्याशिवाय पैसे कसे निघणार, म्हणून त्या लाल पट्ट्यात.

फाइल नीट वाचल्यावर आणखी सापडलं. दोन्ही स्कॅनच्या कागदांवर तपासणीची वेळ मिनिटासकट एकच. संमतीपत्र इंग्रजीत, त्यावर मामांची मराठी सही. पावतीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. तो दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असलाच पाहिजे असा नियम आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहिलं, काही निघालं नाही. भिंतीवर फ्रेम होती ती कॉस्मेटॉलॉजीच्या डिप्लोम्याची. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं: ‘आरोग्यसेवा – जीएसटी माफ’. ती पावती मी जपून बाजूला ठेवली.

नोंदी मागितल्या. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत द्यायच्या असतात आणि तीन वर्षं ठेवायच्या असतात. उत्तर आलं, ‘सिस्टिम बदलली.’ आम्ही लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तीच पुढे उपयोगी पडली. मग नोटीस गेल्यावर फोन आला: निम्मे पैसे परत देतो, ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. मामा म्हणाले, ‘नाक निम्मं देतो का परत?’ फोन ठेवला.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून टाकलंय. सोबत जोडलं ते असं: पावत्या, दोन्ही स्कॅन, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बायोप्सीचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेचे कागद, आणि मोतीबिंदूआधी भाच्याच्या मुंजीत काढलेला एक फोटो, ज्यात नाकावरची गाठ स्वच्छ दिसते. असे फोटो पुसू नका.

समोरच्यांचं लेखी उत्तर परवा मिळालं. म्हणणं असं की आम्ही उपचार केलेच नाहीत, दिली ती केवळ सौंदर्यसेवा, म्हणून वैद्यकीय निष्काळजीपणाचा प्रश्नच येत नाही. सौंदर्यसेवेवर जीएसटी लागतो (सप्टेंबर २०२५ पर्यंत तो १८ टक्के होता). ती ‘माफ’वाली पावती प्रत्युत्तराला जोडून वकीलबाईंकडे दिली आहे, आणि तिची एक प्रत जीएसटी कार्यालयाकडेही जाते आहे.